चाकू खाली पडल्यावर

प्रबुद्ध सोनकांबळेने आयुष्यातला पहिला मोठा मार बापाच्या हातून खाल्ला. मारामारी केली म्हणून नव्हे, पळून आला म्हणून.

बाप भिवाजी महार रेजिमेंटमधून नाईक होऊन बाहेर पडला होता. देगलूरकडचं गाव सोडून तो बायकोलेकरांसह हैदराबादला आला, गौलीगुड्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहू लागला आणि बस स्टँडमागच्या गल्लीत त्याने भाड्याने घर घेतलं. त्या गल्लीच्या नळावर एकदा चार पोरांनी प्रबुद्धच्या धाकट्या बहिणीला, दीपमालाला, अडवलं. तिची घागर गटारात ओतली आणि वेणी धरून तिला चिखलात बसवलं. प्रबुद्ध तिच्यासोबत होता. वय असेल दहा-अकरा. त्याने चौघांकडे पाहिलं आणि घराकडे धूम ठोकली.

भिवाजी आधी जाऊन लेकीला घेऊन आला. मग त्याने दाराला कडी घातली आणि कमरेचा पट्टा काढला. पोरांची आई सखू मधे पडली, तर तिच्याही दंडावर वळ उठला.

"मार खाऊन आला असतास तर हळद लावली असती रे मी," पट्टा हाणता हाणता तो म्हणत होता. "पळून आलास! चौकी सोडून आलास! बहीण तिथं ठेवून आलास!"

पोरगं ओरडायचं थांबलं तेव्हा पट्टा थांबला. भिवाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो पोराला घेऊन गल्लीच्या टोकाच्या तालमीत गेला. दारातल्या पैलवानाने नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तेवढ्यात प्रबुद्धने हौदातल्या लाल मातीवर एक पाय ठेवला होता. आतल्या कुणीतरी त्याच्या नडगीवर बांबू हाणला. पोरगं कोलमडलं. "त्या जागेवर पाणी मारा रे," आतून आवाज आला. भिवाजीच्या मुठी वळल्या होत्या. मांडीत गोळी घेऊन चौकी राखलेला माणूस तो. त्याने वाकून पोराला उचललं आणि मागे फिरला. त्या दिवशी हात का उचलला नाही, हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं आत जोर मारत असलेल्या एका मुलाने पाहिलं. त्याचं नाव प्रशांत. गौलीगुड्यात त्यांची दुधाची डेअरी होती. मराठ्यांचं घर, आजोबा वसमतकडून म्हशी घेऊन आलेले. प्रशांतला घराण्याचा भारी अभिमान. आमच्या कुठल्याशा पूर्वजाने छातीवर वार झेलले, आमच्यात पाठीवर जखम नसते, हे तो उठताबसता ऐकवायचा. त्या संध्याकाळी तो प्रबुद्धच्या दारात येऊन उभा राहिला.

"दुसरी तालीम दाखवतो, चल. मी पण आता तिथंच येणार."

दुसरी तालीम अवद उस्तादांची. उस्ताद हैदराबादच्याच बारकस भागातले. त्यांचे पूर्वज निजामाच्या अरब पलटणीतले शिपाई, समुद्रापलीकडून आलेले. तालमीच्या भिंतीवर पणजोबांचा जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, टांगलेला होता. एकदा बाहेर काढला की रक्त लागल्याशिवाय म्यानात घालायचा नाही, असा त्यांच्या घरातला कायदा. म्हणून तो कुणी काढलाच नव्हता, आणि म्यानातल्या म्यानात गंजला होता. उस्तादांनी प्रबुद्धच्या पाठीवरचे वळ पाहिले, सुजलेली नडगी पाहिली, आणि एवढंच विचारलं, "लंगोट लाया क्या?"

तिथं प्रबुद्ध वाढला. उस्तादांच्या तोंडी त्याचं नाव कधी नीट बसलं नाही, ते त्याला पर्बूद म्हणत. पुढे सगळं गौलीगुडा त्याला पर्बूद पहलवान म्हणू लागलं. खुराकाचं दूध प्रशांतच्या डेअरीतून यायचं. तिथं आणखी एक जण वाढला, ओमकार. बस स्टँडसमोर इडलीची गाडी लावणाऱ्या पद्मावतीचा एकुलता एक मुलगा. बाप नव्हता. अंगात चपळाई अशी, की धरला म्हणेपर्यंत निसटलेला असायचा. प्रशांत, प्रबुद्ध आणि ओमकार एकाच परातीत जेवायचे.

उस्तादांचे नियम थोडे होते. ताकद भाड्याने द्यायची नाही. बाई-लेकरांसमोर हात उचलायचा नाही. पळणाऱ्याच्या मागे जायचं नाही. आणि पडलेल्याला मारायचं नाही.

हा शेवटचा नियम प्रबुद्ध कुस्त्यांच्या एका दंगलीत शिकला. मेदककडच्या एका जत्रेत त्याची कुस्ती होती. समोरच्या पैलवानाने सुरुवातीलाच त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याच्या जातीवरून शिवी घातली. प्रबुद्धने त्याला धोबीपछाड टाकून चीत केलं. पंचाने हात वर केला, ढोल वाजला. तरीही प्रबुद्धने खाली अडकलेला हात सोडला नाही. आणखी एक पीळ दिला. खांदा निखळल्याचा आवाज ढोलाच्या वर ऐकू आला.

उस्ताद लुंगी सावरत हौदात उतरले आणि भरल्या मैदानात त्यांनी प्रबुद्धच्या थोबाडीत मारली. बक्षिसाची गदा परत केली.

"कुस्ती खतम हुए बाद जो हाथ चला, वो पहलवान का हाथ नै," परतताना जीपमध्ये ते म्हणाले. "कसाई का हाथ है."

मागे बसलेला तालमीतला खलील कसायाचा मुलगा होता. तो म्हणाला, "उस्ताद, कसाई भी एकीच बार चलाता."

उस्ताद मागे पाहत म्हणाले, "हौ. माफ कर बेटा." मग प्रबुद्धकडे वळून, "तू उससे भी गया."

प्रबुद्धने शिवीची गोष्ट सांगितली. उस्तादांनी ऐकून घेतली.

वर्षं गेली. कुस्तीच्या जोरावर प्रबुद्धला रेल्वेत नोकरी लागली, तारनाक्याला क्वार्टर मिळालं. सुमेधाशी लग्न झालं. ती परभणीची, इथं एका दवाखान्यात नर्स. मुलगी झाली, तन्वी. भिवाजी आणि सखू एकापाठोपाठ गेले. प्रशांतने डेअरी वाढवली, राणीशी लग्न केलं, डेअरीच्या वरच बिऱ्हाड थाटलं. ओमकारचं मात्र बिनसलं. जुनी घरं पाडून लॉज बांधणाऱ्या एका माणसाने त्याला हाताशी धरलं. भाडेकरू हटत नसला की ओमकार दोन माणसं घेऊन जायचा. एका म्हाताऱ्या भाडेकरूचा पाय त्याने जिन्यात मोडला. ते कळल्यावर उस्तादांनी त्याचा लंगोट रस्त्यावर फेकला.

"तुमारा जमाना गया उस्ताद," ओमकार सगळ्यांदेखत म्हणाला. "ताकद बेचूं नै तो क्या इडली बेचूं?"

पुढे त्या लॉजवाल्याची नजर तालमीच्याच जागेवर गेली. बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एवढी मोकळी माती त्या भागात दुसरीकडे नव्हती. त्याने आधी माणूस पाठवला, मग निरोप पाठवला, आणि एका उन्हाळ्यात भर दुपारी ओमकारला पाठवलं.

दोन गाड्यांतून माणसं उतरली. दोघांकडे तलवारी, बाकीच्यांकडे हॉकी स्टिक. तालमीचं दार अरुंद, एका वेळी एकच माणूस आत येऊ शकेल असं. प्रशांत आणि प्रबुद्ध दारात उभे राहिले, मागे खलील. पहिल्या माणसाला प्रशांतने डोक्यानेच नाकावर धडक दिली, तो रक्त ओकत मागे कोसळला. दुसऱ्याची तलवार प्रबुद्धच्या डाव्या खांद्यावर उतरली आणि हाडाला लागून थांबली. खलीलने ती तलवार पात्यासकट धरली. तलवारवाल्याने ती ओढून घेतली, तेव्हा खलीलची दोन बोटं उंबऱ्यावर पडली. खलील ओरडला नाही, खाली पाहत राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताने त्या माणसाचा गळा धरला.

ओमकार मागच्या भिंतीवरून आत उतरला होता. त्याला ती भिंत लहानपणापासून ठाऊक. तो उस्तादांकडे निघाला. प्रबुद्ध रक्ताळलेल्या खांद्यानेच वळला, त्याने ओमकारला कमरेत धरून उचललं आणि हौदाच्या दगडी काठावर आपटलं. मग छातीवर बसून नरड्यावर कोपर ठेवलं. ओमकारचे डोळे बाहेर येऊ लागले. टाचा माती उकरत होत्या.

"छोड दे," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, ये फिर आएगा."

"आएगा. छोड."

प्रबुद्धने कोपर काढलं. बाहेरची माणसं तोवर पांगली होती. उस्तादांनी माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि आपल्या हाताने ओमकारच्या तोंडाला लावलं. त्यांच्यात रीत होती, ज्याने आपल्या घरचं पाणी प्यालं त्याला त्या घरात कुणी हात लावायचा नाही. ओमकार अर्धा पेला प्याला, उरलेलं पाणी मातीवर थुंकला आणि दारातून चालत निघून गेला. प्रशांतने पोलिसात जायचा विषय काढला. उस्तादांनी नकाराची मान हलवली. "घर का लडका है. घर की बात है."

त्यानंतर काही आठवडे शांततेत गेले. प्रबुद्धचा खांदा भरून आला. तो पुन्हा ड्युटीवर जाण्याआधी सकाळी डेअरीवर येऊन दूध प्यायला लागला.

त्या सकाळी तो रस्ता ओलांडत असतानाच त्याला राणीचा आवाज ऐकू आला. ती वरच्या सज्जातून ओरडत होती, "आत या! शटर ओढा! अहो, आत या!" खाली प्रशांत डेअरीच्या पायरीवर उभा होता. शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरला असता तर वाचला असता. समोर ओमकार होता, हातात लांब पात्याचा चाकू. मोटरसायकल चालू ठेवून एक जण पलीकडे थांबला होता.

"पाठ दाखवत नसतो आम्ही," प्रशांत म्हणाला. "ये. समोरून ये."

ओमकार समोरून आला. चाकू बेंबीखाली घुसला आणि वर ओढला गेला, मग पुन्हा घुसला. प्रशांतने त्याचा दंड धरला होता, तो धरलेलाच होता, पण गुडघे गेले. तेवढ्यात प्रबुद्ध पोचला. त्याने ओमकारचं मनगट पकडून पिळलं. चाकू पायरीवर पडला, खणखणला आणि गटारात गेला. मोटरसायकलवाला निघून गेला. प्रबुद्धने पायात पाय घालून ओमकारला पालथं पाडलं.

"बस भाई," ओमकार म्हणाला. तोंड रस्त्याला घासत होतं. "गिर गया. गिर गया मैं. छोड."

प्रबुद्धने त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला. उजवा हात मागे ओढला आणि मनगट मोडलं. मग त्या हाताची बोटं एकेक करून उलटी वाकवली, मोडेपर्यंत. ओमकार किंचाळत होता, मग नुसता श्वास घेत होता, मग पुन्हा किंचाळला, कारण प्रबुद्धने डावा हात धरला होता. त्या हाताचं कोपर त्याने पायरीच्या कडेवर ठेवलं आणि वरून सगळं वजन टाकलं.

माणसं जमली होती. जवळ कुणी येत नव्हतं. पलीकडे, हातभर अंतरावर, राणी नवऱ्याचं पोट पदराने दाबून बसली होती. पदरातून, बोटांतून, सगळीकडून रक्त येत होतं. "प्रबुद्धभाऊ!" ती हाका मारत होती. "प्रबुद्धभाऊ, ह्यांना उचला! मला एकटीला उचलत नाहीत! भाऊ!"

प्रबुद्ध डाव्या हाताच्या बोटांवर आला होता.

शेवटी एका ऑटोवाल्याने आणि राणीने मिळून प्रशांतला ऑटोत टाकलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो गेला. थोडं आधी आणलं असतं तर वाचलाच असता असं नाही, पण प्रयत्न तरी करून पाहता आला असता, असं डॉक्टर म्हणाला. ते त्याने राणीला सांगितलं.

पोलिसांनी ओमकारला खुनासाठी धरलं, आणि त्याचे दोन्ही हात निकामी केले म्हणून प्रबुद्धलाही. जामीन होईपर्यंत तो आत होता. नोकरीतून निलंबित झाला. सुटल्यावर तो सर्वात आधी तालमीत गेला. उस्ताद ओट्यावर बसले होते. एकदम म्हातारे दिसत होते.

"तुम छोड बोले, मैं छोडा," प्रबुद्ध म्हणाला. "प्रशांत गया."

"हौ," उस्ताद म्हणाले. "वो मेरे सर पे है."

ते राणीकडे गेले, तेव्हा प्रबुद्धही मागोमाग गेला. राणी जमिनीवर बसली होती. उस्ताद दारातच उभे राहिले.

"बेटी, मैं माफी मांगने..."

"पाणी पाजलंत त्याला," राणी म्हणाली. तिला हैदराबादी चांगली येत होती, पण ती मराठीतच बोलली. "पोलिसात दिलं असतं तर? घरची बात म्हणालात. तुमच्या घरची बात होती, जीव माझ्या घरचा गेला. तुमची शान राहिली." मग तिने भिंतीवरच्या प्रशांतच्या फोटोकडे पाहिलं. "आणि ह्यांची? ह्यांना वाटलं शटर ओढलं तर पूर्वज रडतील. मी वरून ओरडत होते, लेकरं शाळेत जायची होती. एकालाही माझं ऐकू येत नव्हतं. प्रबुद्धभाऊ, तुम्हालाही नाही."

प्रबुद्ध उंबऱ्यातच खाली बसला.

"मला बदला नको," राणी म्हणाली. "तालमीतली पोरं येऊन गेली, त्याचं घर जाळतो म्हणत होती. मी हाकलून दिलं त्यांना. त्याच्या आईने काय केलंय? मला तो कोर्टात हवा. मोटरसायकलवाला सापडत नाही, ऑटोवाला तोंड उघडत नाही, बघणारे सगळे आंधळे झालेत. मी आहे आणि तुम्ही आहात. तुम्ही खरं सांगायचं. सगळं."

केस उभी राहायला काही वर्षं गेली. प्रबुद्धवरची केस वेगळी चालणार होती, आणि त्या केसमधल्या त्याच्या वकिलाने त्याला नीट पढवलं होतं. ओमकारच्या बाजूचं म्हणणं असं की प्रबुद्धने आधी हल्ला केला, झटापटीत चाकू चुकून प्रशांतला लागला. "तुम्ही एवढंच म्हणायचं," वकील म्हणाला, "चाकू त्याच्या हातात होता, तो सोडवताना हात मोडला. स्वसंरक्षण. नोकरी पण वाचते. चाकू आधी पडला हे कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय," प्रबुद्ध म्हणाला.

घरी सुमेधा भडकली. "खरं बोलायची एवढी हौस कुणाच्या जिवावर? क्वार्टर जाईल, पगार जाईल. तन्वीचं शिक्षण? एक वाक्य बदलायचंय फक्त."

"एक बदललं की त्यांचा वकील तिथंच बोट ठेवेल. मग बाकीचंही खोटं ठरेल. ओमकार सुटेल."

"आणि पडलेल्याला मारायचं नाही हा तुमच्या त्या उस्तादाचा नियम? तो मोडला म्हणून सांगणार?"

"तो तर मी मोडलाच की," प्रबुद्ध म्हणाला.

कोर्टाच्या दिवशी सुमेधा रजा टाकून सोबत गेली.

साक्षीच्या पिंजऱ्यात प्रबुद्धने पाहिलेलं सगळं सांगितलं. प्रशांत पायरीवर, ओमकारचा चाकू, बेंबीखालचा वार, वर ओढलेलं पातं. मग ओमकारचा वकील उठला. ओमकार बाकावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर, पंजे आत वळलेले, सुकलेल्या पानांसारखे.

"तुम्ही याचे हात मोडले, तेव्हा चाकू कुठं होता?"

"गटारात."

वकिलाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे त्याच्या हातात काही नव्हतं?"

"काही नव्हतं. तो पालथा पडलेला होता. सोड म्हणत होता."

"आणि तुमचा मित्र?"

"बाजूला होता. जिवंत होता. राणीताई मला हाका मारत होत्या. मला ऐकू आल्या नाहीत."

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "चाकू पडला, माणूस पडला. मग का मोडलेत हात?"

प्रबुद्धने ओमकारच्या पंजांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडून गल्लीचीच भाषा निघाली.

"अच्छा लगरा था साब."

सुमेधाने मान खाली घातली. राणी सरळ समोर पाहत राहिली.

ओमकारला जन्मठेप झाली. जो माणूस स्वतःविरुद्ध एवढं सांगतो, तो उरलेलं खोटं सांगत असेल असं मानायला कारण नाही, असं न्यायाधीशांनी निकालात म्हटलं. पुढे प्रबुद्धने आपल्या केसमध्ये गुन्हा कबूल केला. त्यालाही शिक्षा झाली, ओमकारपेक्षा कितीतरी कमी, पण झाली. रेल्वेने त्याला काढून टाकलं. सुमेधाने क्वार्टर रिकामं केलं आणि कुकटपल्लीत, एका गाळ्यावरच्या दोन खोल्यांत, मुलीला घेऊन राहायला गेली.

तुरुंगातही त्याला मारामाऱ्या चुकल्या नाहीत. पैलवान म्हटल्यावर प्रत्येक बराकीतल्या दादाला त्याची परीक्षा घ्यायची होती. एकाने झोपलेल्याच्या तोंडावर उकळता चहा ओतला. दुसऱ्याने धार लावलेल्या चमच्याने त्याची पाठ चिरली. प्रबुद्ध त्यांना धरून खाली पाडायचा आणि उठून भिंतीशी जाऊन उभा राहायचा. पडलेला उठून पुन्हा मारायचा. हा पुन्हा पाडायचा. एकाने त्याला विचारलं, "तू डरता क्या?" तो म्हणाला, "हौ. अपनेकूच." त्याच्या पाठीवर तेव्हाचा लांब व्रण अजून आहे.

सुटून आला तेव्हा अवद उस्ताद वारले होते. खलीलच्या नावावर तालीम राहिली. लॉजवाल्याने जागेचा नाद सोडला होता, कारण त्याच्यावरच दुसऱ्या कुणीतरी तलवारीने हल्ला केला होता. प्रबुद्ध कुकटपल्लीतल्या एका कारखान्याच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर लागला. संध्याकाळी ओळखीपाळखीचे लोक मुरगळलेले पाय, निसटलेले खांदे घेऊन यायचे. तालमीतल्या माणसाला हाड बसवणं येतं, तसं त्यालाही येत होतं. बऱ्याचदा तो सुमेधाला विचारून त्यांना दवाखान्यात पाठवायचा.

एका रविवारी सकाळी पद्मावती आली. तिने कुकटपल्लीचा पत्ता कुठून काढला, कोण जाणे. थकली होती, इडलीची गाडी कधीच बंद झाली होती. सुमेधाने तिला आत घेतलं, चहा दिला. तिने तो हातात धरून ठेवला.

"मैं कोर्ट कू कुछ नै बोलती," ती प्रबुद्धला म्हणाली. "मारा सो मारा. उसकी सजा है, होने दे. पन निवाला नै तोडने आता उसकू. दूसरे कैदी के हाथ से खाता. वो हँसते उसपे. आधा दिन भूका रहता." तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "चाकू पडने के बाद का जो है, वो तेरा है. वो तो तू देख."

सुमेधाला वाटलं, हा आता तिला हाकलून देईल. तो उठला आणि चपला शोधू लागला.

तुरुंगात जाळीपलीकडे ओमकार आला. प्रबुद्धला पाहून वळला, मग परत आला. केस पिकले होते.

"देखने आया? देख," त्याने हात वर केले. "उस दिन तालीम में गर्दन तोड देना था. ना प्रशांत जाता ना ये होता."

"उस्ताद छोड बोले थे."

"और डेअरी पे कौन बोला था?"

"कोई नै."

ओमकारने त्याच्या आईवरून, बापावरून शिव्या घातल्या. जातीवरून घातल्या. एकेकाळी एकाच परातीत जेवलेला माणूस. प्रबुद्धने त्या सगळ्या ऐकून घेतल्या. ओमकारचा दम संपल्यावर तो जाळीला चेहरा लावून सांगू लागला. ओलं फडकं घे. अंगठा आणि पहिलं बोट. नुसतं दाब, पिळू नको. दुखलं की थांब. पंधरवड्याने दुसरं बोट.

"चल निकल," ओमकार म्हणाला.

पुढच्या भेटीला पद्मावतीने आत फडकं दिलं. त्याच्या पुढच्या भेटीला ती म्हणाली, करतो म्हणून, सगळे झोपले की करतो.

राणीला हे कळायला वेळ लागला नाही. प्रबुद्ध दर दिवाळीला तिच्याकडे जायचा. ती चहा द्यायची, मुलांची चौकशी व्हायची. त्या वर्षी दार तिनेच उघडलं, पण साखळी काढली नाही.

"त्याच्याकडे जाता म्हणे."

"जातो."

"त्याचा हात बरा करायला."

"पूर्ण होणार नाही. जेवता येईल एवढा."

"माझ्या नवऱ्याच्या पोटात घातला तोच हात ना?"

"तोच."

राणीचा आवाज चढला नाही. "तुम्ही कोर्टात खरं बोललात, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या मुलीच्या लग्नाला येईन. पण तुम्ही इथं येत जाऊ नका."

दार लागलं. प्रबुद्ध जिन्याने खाली आला. डेअरी आता राणीचा मोठा मुलगा चालवत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी गेल्यावर सुमेधाने विचारलं, "आता जाणार का तुरुंगात, नाही जाणार?"

"राणीताईंचं चुकत नाही," तो म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

"जाणार."

पुढच्या भेटीच्या दिवशी पाऊस होता. पद्मावतीला बसमध्ये चढता येत नव्हतं. प्रबुद्धने तिला दंडाला धरून वर घेतलं, खिडकीची जागा दिली आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला.